डेटा सेंटर हेही गोदामच : वेग, वीज आणि थंडावा यांचे एकच खाते

भिवंडीच्या माणसाला गोदाम म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून ताग्यांखाली लाकडी फळ्या टाकायच्या, रोज उठणारा माल दरवाजाजवळ ठेवायचा, वर्षातून एकदा निघणारा माळ्यावर टाकायचा, ही अक्कल आम्हाला वडिलांच्या हाताखाली मिळाली. परंतु आज आपल्यापैकी प्रत्येक व्यापाऱ्याचा एक मौल्यवान माल अशा गोदामात पडून आहे, जे त्याने कधी डोळ्यांनी पाहिलेले नाही. जीएसटीचे रिटर्न, ई-वे बिल, बँकेचे खाते, यूपीआयने आलेली रक्कम, पार्ट्यांच्या बाक्या, हे सारे कुठल्या तरी इमारतीत, कुठल्या तरी लोखंडी कपाटातल्या मशीनवर साठवलेले असते. त्या गोदामाचे नाव डेटा सेंटर.

हा विषय इंजिनिअर लोकांचा, आपल्याला काय त्याचे, असे आम्हीही म्हणत होतो. मग आमच्यावर पाळी आली. आमच्या पेढीवर हिशेबाचा एक सर्व्हर होता. कापडाचा बारीक तूस आत जाऊ नये म्हणून आम्ही तो लाकडी कपाटात बंद करून ठेवला आणि शहाणपणा केला असे समजलो. एअर कंडिशनर मालकाच्या केबिनला होता, सर्व्हरला नव्हता. मे महिन्यातल्या एका सुट्टीच्या दिवशी तुसाने जाम झालेला पंखा थांबला, कपाटाची भट्टी झाली, आणि सोमवारी पाहतो तो दोन्ही डिस्का गेलेल्या. बॅकअप होता, पण त्याच डब्यातल्या दुसऱ्या डिस्कवर! चार महिन्यांचा हिशेब आम्ही चलनांच्या कागदी प्रतींवरून पुन्हा उभा केला. पैशांचे नुकसान भरून निघाले. परंतु एका जुन्या पार्टीशी बाकीवरून शब्दाला शब्द लागला, ती गाठ अजून सुटलेली नाही. त्या दिवसापासून आम्ही या विषयाची माहिती घेत आलो आहोत. जे समजले ते आपल्या भाषेत मांडतो.

माल कुठे ठेवायचा?

सर्व्हरमध्ये माल साठवण्याची जागा मुख्यतः तीन प्रकारची असते. पहिली हार्ड डिस्क. हिच्यात तबकड्या फिरतात आणि एक बारीक दांडी पुढे-मागे सरकून त्यावरचे वाचते. पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या साऱ्यांत मिळून जेमतेम ५० लाख अक्षरे मावत. आज तळहाताएवढ्या डिस्कमध्ये त्याच्या लाखो पट मजकूर राहतो. पण तबकडी फिरण्याचे तत्त्व तेच आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते. हवी ती नोंद दांडीखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, शिवाय दांडी सरकायला वेळ लागतो. म्हणून इकडची एक, तिकडची एक अशा विखुरलेल्या नोंदी मागितल्या, तर ही डिस्क सेकंदाला शंभराच्या आतच मागण्या पुऱ्या करते.

दुसरी जागा एसएसडी. यात काही फिरत नाही, सारे चिपवर असते. त्यातील एनव्हीएमई जातीची चांगली एसएसडी सेकंदाला काही लाख मागण्या पुरवते. म्हणजे एक कारीगर आठ तासांत चार ताग्यांना घडी घालतो आणि दुसरा हजारो ताग्यांना, असा फरक आहे.

तिसरी जागा टेप, आणि ही तर कापडवाल्यांच्या ओळखीची. एलटीओ-९ नावाची टेप साधारण अर्धा इंच पन्ह्याची असते. लांबी १,०३५ मीटर, आणि ती एका लहान डबीत गुंडाळलेली. तिच्यावर १८ टेराबाइट मजकूर राहतो. शोधायला वेळ लागतो, कारण थान उलगडावे लागते. पण कपाटात ठेवली की तिला विजेचा एक कणही लागत नाही.

आता प्रश्न असा की सारा माल एसएसडीवरच का ठेवू नये? उत्तर भावाचे आहे. एका टेराबाइटमागे हार्ड डिस्क आजही एसएसडीपेक्षा कित्येक पटींनी स्वस्त पडते. म्हणून समजदार कंपन्या आपल्यासारखेच करतात. रोज उठणारा माल गल्ल्याजवळ एसएसडीवर, आठवड्या-महिन्याने लागणारा हार्ड डिस्कवर, आणि कायद्यासाठी जपून ठेवायचा तो टेपवर.

एसएसडी महाग होती त्या काळात मोठ्या कंपन्यांनी वेगासाठी एक विचित्र युक्ती केली होती. मिनिटाला १५,००० फेरे घेणाऱ्या शेकडो डिस्का लावायच्या आणि प्रत्येकीचा थोडाच भाग वापरायचा, म्हणजे दांडीला लांब सरकावे लागणार नाही. दुकानात एक सेल्समन गिऱ्हाइकांना पुरत नाही म्हणून शेजारची दहा दुकाने भाड्याने घ्यावी आणि प्रत्येकात एकच फळी भरावी, तसला हा प्रकार. वेग मिळाला, पण भाडे दहा दुकानांचे आणि दिव्याचे बिलही दहा दुकानांचे. येथून आपण विजेच्या खात्यावर येतो.

चार आण्याची कोंबडी

एक हार्ड डिस्क साधारण ५ ते ९ वॅट वीज खाते. एक जोरदार एसएसडी कामाच्या गर्दीत २० वॅट किंवा त्याहून जास्तही खाते. नुसते वॅट पाहिले तर एसएसडी महाग. पण कामाशी भागून पाहा. हार्ड डिस्क एका वॅटमागे दहाएक मागण्या पुऱ्या करते, एसएसडी हजारो. उलट, नुसताच पडून राहणारा माल असेल तर मोठ्या हार्ड डिस्कचे पारडे जड, आणि टेपचे त्याहून. म्हणजे जिन्नस चांगला की वाईट हे त्या जिनसावर नाही, कामावर ठरते.

सर्व्हरला दिलेली वीज शेवटी जाते कुठे? लूमला दिलेल्या विजेचे कापड तरी दिसते. सर्व्हरला दिलेली जवळजवळ सारी वीज उष्णता होऊन बाहेर पडते, आणि ती उष्णता बाहेर काढायला पुन्हा वीज लागते. हा दुसरा खर्च मोजण्यासाठी पीयूई नावाचे माप आहे. डेटा सेंटरच्या मीटरवर आलेल्या एकूण युनिटांना प्रत्यक्ष मशीनने खाल्लेल्या युनिटांनी भागायचे. उत्तर १ आले तर वरखर्च शून्य. २ आले तर मशीनच्या प्रत्येक युनिटामागे आणखी एक युनिट थंडावा, बॅटऱ्या आणि दिवाबत्ती यांत गेले. अपटाइम इन्स्टिट्यूट ही संस्था जगभरच्या डेटा सेंटरांची पाहणी करते. २००७ च्या सुमारास तिला सरासरी २.५ आढळली होती. म्हणजे खरोखरच चार आण्याची कोंबडी आणि त्याहून जास्त आण्यांचा मसाला! २०२३ च्या पाहणीत ही सरासरी १.५८ वर आली. गूगलसारख्या कंपन्या आपल्या सेंटरांची सरासरी १.१ च्या आसपास सांगतात.

हिशेब करून पाहू. १० किलोवॅटची एक रॅक, म्हणजे एक लोखंडी कपाट, महिन्याला ७,२०० युनिट खाते. पीयूई १.६ असेल तर मीटरवर ११,५२० युनिट येतील, १.३ असेल तर ९,३६०. फरक २,१६० युनिटांचा. युनिटचा दर दहा रुपये धरला तर एका कपाटामागे महिना २१,६०० रुपये. अशी हजार कपाटे असतील तर? म्हणूनच या धंद्यात नफा-तोटा मशीनपेक्षा थंडाव्यात ठरतो.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ साली जगातील डेटा सेंटरांनी सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या एकूण विजेच्या दीड टक्का.

थंडाव्याचे गणित

एक टनाचा एअर कंडिशनर साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. साध्या सर्व्हरांचे सात किलोवॅटचे कपाट दोन टनांत भागते. आता कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या मशीनचे एकेक कपाट सुमारे १२० किलोवॅटचे आले आहे. आमच्या साध्या लूमची मोटर एक हॉर्सपॉवरची धरली, तर १६० लूमची वीज एका कपाटात! त्याला ३४ टनांचा थंडावा हवा, म्हणजे दीड टनाचे तेवीस एअर कंडिशनर. इतकी उष्णता हवेने निघत नाही. तेवढ्याच जागेत हवेपेक्षा पाणी तीन हजार पटींहून अधिक उष्णता वाहून नेते. म्हणून आता तांब्याच्या पट्टीतून पाणी किंवा दुसरा द्रव थेट चिपला टेकवून फिरवतात.

परंतु सगळा सुधार महागड्या यंत्रांनीच होतो असे नाही. सर्वांत मोठी सुधारणा शिस्तीची आहे. सर्व्हर पुढून थंड हवा घेतो आणि मागून गरम सोडतो. पूर्वी सारी कपाटे एकाच दिशेला तोंड करून उभी करीत, त्यामुळे पुढच्याची गरम हवा मागच्याच्या नाकात जाई. मग कपाटे तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ लावून ठेवली, एक गल्ली थंड आणि एक गरम झाली. रिकाम्या खणांवर पत्रे लावले, गल्लीला दार बसवले, आणि त्याच एअर कंडिशनरांत काम भागू लागले. पंख्यांचेही तसेच. पंख्याचा वेग २० टक्के कमी केला की त्याची वीज जवळजवळ निम्म्यावर येते, कारण वीज वेगाच्या तिसऱ्या घाताने वाढते.

आणखी एक गैरसमज. सर्व्हरची खोली बर्फासारखी गार हवी असे पुष्कळांना वाटते. अमेरिकेतील अ‍ॅश्रे ही इंजिनिअरांची संस्था सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंशांची हवा योग्य मानते. गूगलच्या तिघा संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात माफक उष्णतेने डिस्का जास्त बिघडतात असे दिसले नाही, फार गार ठेवलेल्या डिस्कांचे हाल उलट वाईट होते. फार तापल्या तर मात्र, विशेषतः जुन्या झालेल्या, त्या लवकर गेल्या. लूमच्या शेडमध्ये हवा कोरडी झाली की सूत तुटते, म्हणून आपण पाण्याची वाफ सोडतो. सर्व्हरच्या खोलीतही हवा फार कोरडी झाली की स्थिर वीज साचते, फार दमट झाली की गंज चढतो. मध्यम मार्ग दोन्हीकडे.

तिन्ही खाती एकमेकांत गुंतलेली

आमच्या मते या साऱ्या विषयाचे सार येथे आहे. वेग, वीज आणि थंडावा ही तीन खाती नाहीत, एकच खाते आहे. एकात कंजूषी केली की ती दुसऱ्यात नावे पडते.

एसएसडी ठराविक मर्यादेपलीकडे तापली की स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप हळू चालते. म्हणजे थंडाव्यात वाचवलेला पैसा वेगात गेला. उलट पंखे फार जोरात फिरवले तर त्यांच्या थरथरीने हार्ड डिस्कची दांडी रेघेवरून हलते आणि तीही हळू होते. डिस्कांना आवाज सोसत नाही हे ऐकून आम्हाला हसू आले होते. पण १० सप्टेंबर २०१६ रोजी रुमानियाची राजधानी बुखारेस्ट येथे आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवण्याच्या वायूची चाचणी घेतली, तेव्हा त्या नळ्यांतून सुटलेल्या वायूच्या प्रचंड आवाजानेच डिस्का निकामी झाल्या आणि बँकेचे व्यवहार कित्येक तास बंद राहिले. लूमच्या खडखडाटात शेजारीच भिंतीला टेकवून कॉम्प्युटर ठेवणाऱ्या बंधूंनी हे लक्षात घ्यावे.

थंडावा गेला तर काय होते? १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमध्ये पारा ४० अंशांवर गेला आणि लंडनमधील गूगल व ओरॅकल यांच्या डेटा सेंटरांची थंडाव्याची यंत्रणा कोलमडली. काही मशीन मुद्दाम बंद कराव्या लागल्या. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी सिंगापूरच्या एका डेटा सेंटरमध्ये सुधारणेचे काम चालू असताना कंत्राटदाराच्या चुकीने थंड पाण्याच्या टाक्यांचे व्हॉल्व्ह बंद झाले. तेवढ्या एका चुकीने डीबीएस आणि सिटी या बँकांचे सुमारे २५ लाख पेमेंट व एटीएम व्यवहार अडले. दोन्ही बँकांची पर्यायी व्यवस्था कागदावर होती, ऐन वेळी ती नीट उभी राहिली नाही.

हे गोदाम आपल्या दाराशी आहे

आपल्या देशात डेटा सेंटरांचा सर्वांत मोठा हिस्सा मुंबई आणि नवी मुंबईत आहे. समुद्राखालच्या केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजार येथे आहेत, म्हणून ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल या पट्ट्यात ही गोदामे उभी राहिली. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी पेमेंटचा सारा डेटा भारतातच ठेवण्याचा हुकूम काढला, त्याने या धंद्याला आणखी जोर आला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तरी शेअर बाजार चालू राहिला. अशा सेंटरांत वीज गेली की पहिली काही मिनिटे बॅटऱ्या भार उचलतात, तोवर डिझेल जनरेटर सुरू होतात. स्वीडनच्या लुलेओत फेसबुकने २०१३ साली सुरू केलेल्या सेंटरला बाहेरची गार हवा फुकट मिळते. आमच्या दमट हवेत ती चैन नाही. येथे थंडावा विकतच घ्यावा लागतो.

यात आपल्या मुलांसाठी रोजगारही आहे. ही गोदामे नुसत्या कॉम्प्युटर शिकलेल्यांवर चालत नाहीत. चिलर आणि एअर कंडिशनरचे मेकॅनिक, वायरमन, जनरेटर सांभाळणारे, पाइप जोडणारे, आग विझवणारे, यांच्यावाचून एक रात्रही निघत नाही. आयटीआयमधला इलेक्ट्रिशियनचा किंवा रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा कोर्स केलेल्या हुन्नरी मुलाने इकडे पाहावे.

व्यापारी बंधूंनी काय करावे?

पेढीवर सर्व्हर असेल तर त्याला बंद कपाटात कोंडू नका. त्याच्या मागे एक हात जागा सोडा, तूस महिन्याला साफ करा, एअर कंडिशनर २४-२५ अंशांवर पुरे. यूपीएसची बॅटरीही गारव्यात ठेवा. साध्या बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांमागे जवळजवळ निम्मे होते. एसएसडीवर हिशेब उतरवून ती तिजोरीत वर्षानुवर्षे टाकून ठेवू नका. विजेवाचून, आणि त्यातही उष्णतेत, झिजलेल्या एसएसडीवरचा मजकूर उडू शकतो. जपणुकीसाठी हार्ड डिस्क बरी, आणि तीही अधूनमधून लावून तपासा.

हिशेब भाड्याच्या सर्व्हरवर असेल तर तीन प्रश्न विचारा. दुसरी प्रत कुठे आहे? ती त्याच इमारतीत नाही ना? आणि बिघाड झाला तर किती तासांत चालू करून द्याल? उत्तर लेखी घ्या. फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग येथे १० मार्च २०२१ रोजी ओव्हीएच कंपनीचे पाच मजली डेटा सेंटर जळून गेले, तेव्हा ज्यांनी हा प्रश्न विचारला नव्हता त्यांच्या हाती राख आली. दक्षिण कोरियात डेजॉन येथे २६ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांची आग लागली. सरकारी नोकरांच्या फायली ठेवण्याची ८५८ टेराबाइटची साठवण त्यात गेली, आणि तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती. कारण काय सांगितले? साठा फार मोठा आणि साठवण संथ, म्हणून प्रत काढणे जमले नाही! पाहा, वेगाची कंजूषी कुठे नावे पडली ती.

ज्यांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे त्यांना तर कायद्याने, ऑगस्ट २०२२ मधील दुरुस्तीनुसार, हिशेबाचा बॅकअप रोजच्या रोज भारतातील सर्व्हरवर ठेवावा लागतो. ज्यांच्यावर कायद्याचे बंधन नाही त्यांनीही जुना नियम पाळावा. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. आणि महिन्यातून एकदा त्या प्रतीवरून हिशेब उघडून पाहावा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न मोजलेला माल.

आमच्या कपाटात त्या दिवशी दोन डिस्का जळाल्या, पण त्यांत नुसता आमचा हिशेब नव्हता. पार्ट्यांच्या बाक्या होत्या, कारीगरांची मजुरी होती. ती दुसऱ्यांची अमानत होती आणि आम्ही ती एका बंद कपाटात, एका पंख्याच्या भरवशावर ठेवली होती. आता आमच्या तीन प्रती आहेत. त्यातली एक भावाच्या घरी, कल्याणला असते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती उघडून पाहिल्याशिवाय आम्ही पेढीचे शटर खाली करीत नाही.